बैठक

गेल्या भाद्रपदात महालातल्या काकांकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. नागपुरात हे जेवण म्हणजे साधंसुधं प्रकरण नसतं हे नागपूरकरांना सांगायला नको. इतरांनी एवढंच समजावं की सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी आणि शिवाय आग्रह. पंगत अर्थातच जमिनीवर. मी मांडी घालून बसलो. पुरणपोळी वाढेपर्यंत दोन्ही गुडघे जमीन सोडून वर आले होते, कढी येईपर्यंत कंबर मागे भिंत शोधायला लागली, आणि भिंत चार फुटांवर होती. जेवण संपलं. आधी डावा हात जमिनीवर, मग उजवा गुडघा, मग शेजारच्या चुलतभावाचा खांदा, अशा तीन टप्प्यांत मी उभा राहिलो. समोरच्या रांगेत आजी होती. वय ८१. तिने पदर खोचला, कशालाही हात न लावता सरळ उभी राहिली आणि वर मलाच म्हणाली, "काय झालं रे बाप्पा, हात देऊ का?"

सगळी पंगत हसली. मीही हसलो. माझं वय २८ आहे.

बरं, मी काही आजारी वगैरे नाही. वजन ठीक, बीपी ठीक. फक्त रोज नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर, तासभर गाडीवर (तेही बसूनच!), आणि रात्री मोबाइल घेऊन सोफ्यावर. म्हणजे माझं काम ते, ज्याला मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे: बैठं काम. ऑफिसात एखादा बग सापडला की आम्ही आधी बघतो की हे नेमकं केव्हापासून बिघडलं, कोणत्या बदलानंतर. तेच इथे करून बघावं असं वाटलं. माणसं बसायला लागली केव्हा, आणि बसून आखडायला लागली केव्हा?

माझा पहिला अंदाज सोपा होता. पूर्वी लोक जमिनीवर बसायचे, मग इंग्रज आले, खुर्ची आणली आणि आपण आखडलो. छान गोष्ट आहे. सगळा दोष इंग्रजांवर टाकता येतो, अजून काय पाहिजे? पण ती टिकत नाही, आणि ती मोडणारा पुरावा खुर्चीच्या कितीतरी आधीचा आहे.

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारा लेखक एक संस्कृत श्लोक लिहून ठेवायचा. कितीतरी पोथ्यांत तो थोड्याफार फरकाने सापडतो. आशय असा की पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर थिजवून, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हे लिहिलंय, तेव्हा बाबांनो, जपून ठेवा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. पाठ, कंबर, मान आणि डोळे! फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर मी याच क्रमाने तक्रार सांगितली होती. हा माणूस जमिनीवर बसलेला होता, त्याच्याकडे खुर्ची नव्हती, स्क्रीन नव्हती. तरी तो आखडला. कारण तो अक्षर बिघडू नये म्हणून हलत नव्हता.

तिकडे इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचा डॉक्टर होता. त्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. खाणकामगार, कुंभार, दायी, सगळे त्यात आहेत. १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत त्याने लेखनिक आणि कारकुनांवरही लिहिलं. त्यांच्या दुखण्याची कारणं त्याने तीन दिली: सततचं बसणं, हाताची एकाच दिशेने न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून डोक्यावर असलेला ताण. तीनशे वर्षांपूर्वी माझ्या नोकरीचं जॉब डिस्क्रिप्शन लिहून ठेवलं की हो या माणसाने. शिंपी आणि चांभारांना त्याने सल्ला दिलाय की निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करा, म्हणजे बाकीच्या दिवसांचं नुकसान थोडं भरून निघेल.

तर दोषी खुर्ची नाही. पण ती निर्दोषही नाही, तिकडे येतो.

जमिनीवरची आपली बैठक कशी होती ते बघा. मराठ्यांच्या दफ्तरातले कारकून मोडीत लिहायचे ते गादीवर बसून. कधी एक गुडघा उभा करून त्यावर कागद, कधी पुढ्यात उतरतं लाकडी डेस्क. नागपूरकर भोसल्यांकडे चिटणीस, फडणीस होते ते असेच बसत असणार. हे दृश्य पूर्ण गेलेलं नाही. इतवारीत सराफ्यात किंवा ठोक बाजारात जा, काही जुन्या पेढ्यांवर अजून पांढरी गादी, लोड आणि बुटकं डेस्क दिसतं. मी एका शनिवारी एका पेढीवर मुद्दाम तासभर थांबलो (निमित्त होतं आईच्या बांगड्या). गादीवरचे काका त्या तासात एका जागी होते, पण एका स्थितीत नव्हते. मांडी, मग एक गुडघा वर, मग पाय पसरून, मग लोडाला टेकून, मग पुढे वाकून तिजोरीकडे. मी मोजायला सुरुवात केली आणि पंचवीसनंतर सोडून दिलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पाय भरून येतात ना जी, म्हणून हलतो."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. जमिनीवर बसलं की शरीर दहा मिनिटांत तक्रार करतं आणि आपण हलतो. चांगली खुर्ची ही तक्रारच बंद करते. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर दुरुस्त होत नाही, फक्त अलार्म म्यूट होतो. मऊ सीट, मागे टेका, खाली चाकं. मला फाइल लागली तरी मी उठत नाही, खुर्चीसकट सरकतो.

गॉर्डन ह्यूज या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये जगभरातल्या बसण्या-उभं राहण्याच्या पद्धतींवर एक निबंध लिहिला. सुमारे शंभर स्थिती चित्रांसकट मांडल्या आणि म्हटलं की जगातली साधारण एक चतुर्थांश माणसं विसावा घ्यायचा तर उकिडवी बसतात. म्हणजे खुर्ची हा नियम नव्हे, अपवाद. अलीकडे २०२० मध्ये टांझानियातल्या हाड्झा लोकांवर एक अभ्यास आला. हे लोक शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की दिवसभर पळत असतील. यंत्रं लावून मोजलं तर ते दिवसाचे जवळपास दहा तास निवांत बसलेले निघाले! आपल्याइतकेच. फरक हा की ते बराच वेळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, आणि तसं बसताना पायांचे स्नायू थोडेफार कामात राहतात. खुर्चीत ते जवळजवळ बंद पडतात.

आता शरीराच्या आत काय होतं ते. हा भाग मी जरा सावकाश लिहितो, कारण मला स्वतःला तो कळायला वेळ लागला.

स्नायू म्हणजे रबर नव्हे. तो साखळीसारखा आहे, अगदी बारीक कड्यांची लांब साखळी. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये ताबारी आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या पायाला प्लास्टर घालून पोटरीचा एक स्नायू आखूड स्थितीत ठेवला. काही आठवड्यांत त्या स्नायूने सुमारे ४० टक्के कड्या कमी करून टाकल्या. प्लास्टर काढल्यावर त्या परतही आल्या. म्हणजे शरीर कंजूस आहे: जेवढी लांबी वापरता तेवढीच ठेवतो, बाकीची मोडीत काढतो. पुढे १९९० मध्ये विल्यम्स या संशोधिकेने उंदरांवर दाखवलं की असा बांधलेला स्नायू रोज फक्त अर्धा तास ताणला तरी ही कड्यांची घट टळते. खुर्चीत बसणं म्हणजे प्लास्टर नव्हे, आणि मी मांजर नाही, हे कबूल. पण कण्यापासून मांडीच्या हाडापर्यंत येणारा सोअस नावाचा स्नायू खुर्चीत दहा तास आखूड स्थितीत असतो. उभं राहिल्यावर तो कमरेला पुढे ओढतो. मांडीच्या मागच्या स्नायूंचंही तेच, गुडघा दिवसभर दुमडलेलाच. आणि कुल्ल्याचे स्नायू नुसते दाबले जातात, काही काम करत नाहीत.

दुसरी गोष्ट मणक्यांमधल्या चकत्यांची. मोठ्या माणसाच्या या चकत्यांना आतून रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचं पोषण आजूबाजूने पाझरून येतं आणि दाब पडणं-सुटणं या खेळाने त्यांच्यातलं पाणी आत-बाहेर होतं. दिवसभराच्या दाबाने त्या थोड्या चपट्या होतात, म्हणूनच सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो (खोटं वाटलं तर दाराच्या चौकटीवर खूण करून बघा). सांध्यांच्या कूर्चेचंही असंच आहे. हलवलं तर पोषण, नाही तर उपास.

स्वीडनच्या नाखेम्सन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि सांगितलं की उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त असतो. हा आकडा पोस्टरवर, खुर्च्यांच्या जाहिरातीत सगळीकडे गेला. पण १९९९ मध्ये जर्मनीत विल्के यांनी नव्या साधनांनी मोजलं तेव्हा फरक तसा आढळला नाही, नीट टेकून बसल्यास दाब उलट कमीच. म्हणजे 'बसणं हेच विष' हेही अर्धवट. वाकून, पोक काढून, न हलता बसणं ही वेगळी गोष्ट आहे. कॅनडात मॅकगिल आणि ब्राउन यांनी १९९२ मध्ये लोकांना वीस मिनिटं पूर्ण वाकवून बसवलं. पाठीचे बंध सैलावले. उठल्यावर दोन मिनिटांत अर्धी सैल गेली, पण अर्ध्या तासानंतरही ती पूर्ण गेली नव्हती. त्यामुळे दोन तासांच्या मीटिंगमधून उठून लगेच पाण्याचा वीस लिटरचा कॅन उचलू नये. मी उचलला होता. पाच दिवस अंथरुणात काढले, त्यातलं पहिलं प्रकरण ते.

हं, तर परत नागपूर.

तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी झालं. पुढे वऱ्हाडही जोडला गेला. राजधानी म्हटलं की सचिवालय आलं, कोर्टं आली, लेखा कार्यालयं आली, आणि सिव्हिल लाइन्सच्या त्या उंच छताच्या इमारतींत टेबल-खुर्च्या आल्या. जवळपास शंभर वर्षं, म्हणजे १९५६ मध्ये राजधानीचा मान जाईपर्यंत, नागपूर हे बाबूंचं गाव होतं. (अजूनही डिसेंबरात अधिवेशनाला मुंबईहून ट्रकांनी फाइली येतात तेव्हा जुना वास येतो.) मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलाचं स्वप्न काय, तर खुर्ची. खुर्ची म्हणजे मान. उत्तर हिंदुस्थानात तर इंग्रज साहेबासमोर खुर्चीवर बसायला मिळणाऱ्यांना 'कुर्सीनशीन' म्हणत आणि तो मान मिरवला जाई. आजही आपण मंत्र्याबद्दल म्हणतो की तो खुर्ची सोडत नाही. कसा सोडेल, कंबरच आखडली असेल.

पण याच नागपुरात दुसरंही बैठं काम चालू होतं. कोष्टी विणकरांचं. खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात. दिवसभर बसूनच. पण दोन्ही पाय आळीपाळीने खालच्या पट्ट्या दाबतात, एक हात धोटा मारतो, दुसरा ठोकतो. त्याचे हाल वेगळे होते, ओल, अंधार, डोळे, पोट भरेल एवढी मजुरी नाही. त्याला सुखी म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि मिलच्या कापडाने त्या मागांचं कंबरडं मोडलं ते निराळंच. माझा मुद्दा एवढाच की 'बैठं काम' या एका नावाखाली दोन फार वेगळी कामं होती. एकात माणूस बसून हलत होता, दुसऱ्यात बसून गोठत होता. आणि गोठणाऱ्याला पगार जास्त होता.

कारकुनाची आणखी एक गंमत. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायला चपराशी. पाणी आणायला चपराशी. लंडनमध्ये १९५३ साली जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. आपल्या ऑफिसात ड्रायव्हर म्हणजे बाबू आणि कंडक्टर म्हणजे चपराशी. आता तर चपराशीही गेला, फाइल क्लिक केली की येते. कुणीच उठत नाही.

या खुर्चीवाल्या वर्गाला आपण आखडतोय हे कळलं नव्हतं असं मात्र नाही. उलट मला सगळ्यात आवडलेला भाग हाच की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मुलखात याच्यावर अक्षरशः मोहीम निघाली. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने जाऊन देशी व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिकं केली. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिक काढलं. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. हा माणूस उड्डियान आणि नौलीच्या वेळी पोटात काय होतं ते एक्स-रे काढून बघत होता! शंभर वर्षांपूर्वी! आम्ही आजही व्हॉट्सअॅपवर आलेलं पुढे ढकलतो.

आणि औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराने झपाटलेले. आधी त्यांनी सँडो या युरोपियन मल्लाची उपकरणं मागवून दहाएक वर्षं त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांमध्येही ते सुरू केले. १९३६ मध्ये विलायतेत गेले तेव्हा लुईस मॉर्गन नावाची पत्रकार बाई त्यांच्याकडे बघून थक्क झाली. तिच्याच संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनला त्यांचं 'टेन पॉइंट वे टू हेल्थ' निघालं. वेळ थोडा, जागा सतरंजीएवढी, उपकरण शून्य. हे वर्णन बघा कुणाला लागू पडतं. शेतकऱ्याला नाही. ते कचेरीत जाणाऱ्याला लागू पडतं.

सूर्यनमस्काराकडे मी शाळेत पीटीच्या तासाची शिक्षा म्हणून बघायचो. आता एकेक टप्पा बघितला की वाटतं, खुर्ची जे जे करते ते उलटं फिरवायला बसून काढलेली यादी आहे. हात वर करून मागे वाकणं, पुढे वाकून मांडीची मागची बाजू ताणणं, एक पाय मागे टाकणं (हाच तो सोअस), मग भुजंगासारखी छाती वर. औंधच्या राजांनी कड्यांची साखळी वगैरे वाचलं नव्हतं, तेव्हा ते संशोधन झालंही नव्हतं. आणि पुण्यात अय्यंगार गुरुजींनी तर खुर्चीच ताब्यात घेतली. ते १९३७ मध्ये पुण्यात आले ते कायमचे. पाठ काढून टाकलेली लोखंडी घडीची खुर्ची त्यांनी आसनांचं साधन म्हणून वापरली. ज्याने आखडलो त्यावरच उलटं वाकायचं.

नागपूरचं नाव म्हणजे जनार्दनस्वामी. त्यांनी १९५१ मध्ये इथे योगाभ्यासी मंडळ स्थापन केलं, रामनगरात. वर्ग विनामूल्य. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'सुलभ सांघिक आसने' आहे, आणि त्या नावातले दोन्ही शब्द मला महत्त्वाचे वाटतात. सुलभ, म्हणजे पाय मानेवर टाकायची चढाओढ नाही. सांघिक, म्हणजे दहा-वीस जण एकत्र, आज्ञेवर. एकट्याने सतरंजी काढायचा कंटाळा येतो, पण शेजारचे देशपांडे पावणेसहाला फाटकात उभे राहिले की जावंच लागतं.

हे मला माहीत आहे कारण आजोबा जायचे. ते १९५७ मध्ये कारकून म्हणून लागले आणि १९९४ मध्ये निवृत्त झाले, मधली सदतीस वर्षं खुर्ची. चाळिशीच्या आसपास कंबर इतकी धरली की सायकलवर टांग टाकता येईना. मग कुणीतरी सकाळच्या वर्गाला नेलं. रात्री जेवणानंतर ते दहा मिनिटं वज्रासनात बसायचे आणि आम्ही नातवंडं त्यांच्या पाठीवर चढायचो. पाण्याचा तांब्या ते मुद्दाम लांब, दुसऱ्या खोलीत ठेवायचे. विसरभोळे आहेत असं आम्हाला वाटायचं.

आजी कधी कुठल्या वर्गाला गेली नाही. तिला मी विचारलं, तू काय व्यायाम करायचीस? ती म्हणाली, "काय करायची म्हणजे? उठबस." चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, विळी जमिनीवर, वाढणं वाकून, धुणं उकिडवं बसून. ओट्याचा स्वयंपाक तिच्या घरात आला तो धाकट्या काकांच्या लग्नाच्या वेळी. आजोबांना जे पैसे न देता वर्गात शिकावं लागलं ते तिला पगार न घेता दिवसभर करावं लागलं. आणि ते शुद्ध पुण्य होतं असंही नाही. २००४ मध्ये बीजिंगमधला एक अभ्यास आला, तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांमध्ये म्हातारपणी गुडघ्याची झीज जास्त दिसली. आजीची मोठी बहीण शेवटची दहा वर्षं गुडघ्यांमुळे खाटेवरच होती. म्हणून 'चला, जुन्या काळात परत जाऊ' म्हणणाऱ्यांनी आधी विळीवर बसून वीस माणसांची भाजी चिरून दाखवावी.

मराठीत गंमत बघा, 'बैठक' म्हणजे बसणं, बैठक म्हणजे मीटिंग, आणि जोर-बैठकांमधली बैठक म्हणजे खाली जाऊन परत वर येणं. आखाड्यातल्या माणसाने बसण्याच्या शब्दात उठणं धरलं होतं. आमच्या कॅलेंडरवर रोज पाच बैठका असतात, वर येणं एकीतही नाही.

ब्राझीलमध्ये २०१२ साली एक अभ्यास छापून आला. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना सांगितलं, जमिनीवर बसा आणि उठा. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात, गुडघा, जे टेकवाल त्याचा एक गुण कमी, तोल गेला तर अर्धा. कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. याचा अर्थ उठता न आल्याने माणूस मरतो असा नाही, जो आधीच खचलेला आहे त्याला उठता येत नाही असाही असू शकतो. तरी मी घरी करून बघितलं. बसताना एक हात, उठताना हात, गुडघा, आणि दोनदा झोक. दहापैकी सहा. आईला करायला लावलं, साडेआठ. आजीला विचारलंच नाही.

तेव्हापासून मी काय करतो ते थोडक्यात, कारण यात ग्रेट काही नाही. दर चाळीस मिनिटांनी अलार्म लावला होता, तो आठवड्यात बंद करायची सवय लागली, सोडून दिला. आजोबांचा तांब्या मात्र चालला. लहान पेला, आणि बाटली पॅन्ट्रीत. फोनवरचे कॉल उभ्याने. घरून काम असेल त्या दिवशी दुपारचा एक तास लॅपटॉप चौरंगावर आणि मी जमिनीवर. पाय भरून येतात, हलतो. सकाळी बारा सूर्यनमस्कार, मागे टाकलेल्या पायावर जरा जास्त थांबून. संध्याकाळी दाराची चौकट धरून उकिडवं बसणं, सुरुवातीला टाचा वर राहायच्या, पहिले दोन महिने काहीच फरक दिसला नाही. जोर करून एकदा मांडी दाबली तर गुडघ्याच्या आत कळ आली, फिजिओने झापलं. मांडी कुल्ल्यातून उघडायला हवी, ती न उघडता गुडघा दाबला तर गुडघाच जातो. आणि पायात मुंग्या, बधिरपणा असलं काही असेल तर असले लेख वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

मागच्या रविवारी परत मोजलं. साडेसात. उठताना डावा हात अजून लागतो आणि उजवा गुडघा मांडीत अजून चार बोटं वर राहतो. आजीला सांगितलं तर म्हणाली, महालक्ष्म्यांना अजून वेळ आहे, तोवर ये अधूनमधून, कोथिंबीर निवडायला खाली बसत जा.